अलमारीच्या पट्ट्या

गुरुजी, तुमची ती लाकडी अलमारी अजून आहे. चौथीच्या खोलीत, खिडकी आणि फळा यांच्या मधल्या कोपऱ्यात, होती तिथेच. एक पाय कुजला म्हणून त्याखाली वीट दिली आहे, आणि कुलपाची कडी निखळली तिथे मी तार बांधली आहे. मागे शाळेतल्या मोडक्या सामानाची यादी झाली तेव्हा तिचा नंबर पहिला लागला होता. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, या खटाऱ्यात तुम्ही ठेवता तरी काय?" मी म्हटलं, टॅबलेट. तेव्हा शाळेत टॅबलेट यायचेच होते. इतकं सरळ तोंडाने खोटं मला कसं बोलता येतं, तर ते मी याच खोलीत, याच अलमारीच्या पोटात बसून शिकले, आणि तेच तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. त्याला चाळीस वर्षं होत आली. तुम्हाला जाऊनही पंचवीस झाली. आता सांगून कोणाचं काय भलं होणार, असं माझा नवरा म्हणतो. त्याचं बरोबर आहे, तरी मी लिहिते आहे.

मी कोण ते आठवतं का? भाजीवाल्यांची मधली पोरगी. आमचं वावर केळझरच्या रस्त्याला, सकाळी जुड्या बांधून मग शाळेत यायचं, त्यामुळे माझ्या दप्तराला कायम हिरवा वास. हजेरी घेताना माझ्या नंबरावर थांबून तुम्ही हवेत नाक फिरवायचात. "आज पालक हाय का सांबार?" सगळा वर्ग हसायचा. कोथिंबिरीला आपल्याकडे सांबार म्हणतात हे बाहेरच्या लोकांना मला अजून समजावून सांगावं लागतं. तेव्हा तुमचा राग यायचा, पण ज्या दिवशी तुम्ही विचारायला विसरायचात त्या दिवशी जास्त यायचा. तर ती पोरगी मास्तरीण झाली. आधी बारा वर्षं आर्वीकडे, येष्टीच्या धक्क्यांनी कंबर गेली, मग इकडेतिकडे, आणि सहा वर्षांपूर्वी बदल्यांच्या फेऱ्यात सापडून येऊन पडले ती थेट तुमच्या वर्गात. तुमची खुर्ची मात्र गेली. आता प्लॅस्टिकची आहे.

तुम्ही विज्ञान शिकवायचात ते आमच्याच घरून मागवलेल्या डब्या-बाटल्यांवर. काही करून दाखवायच्या आधी तुमचा एक दंडक होता. "आधी सांगा, मंग पाहू." प्रत्येकाने आधी अंदाज सांगायचा, तुम्ही तो फळ्यावर लिहायचात, चुकलेला अंदाजही आठवडाभर पुसायचा नाही. मी आता तेच टॅबलेटवर करते. तोंड वाकडं करू नका, पूर्ण ऐका. हल्ली संगणकाला काम सांगायला इंग्रजी खरडावं लागत नाही. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, प्रत्येकावर मराठीत एकेक हुकूम लिहिलेला: इतका वेळ थांब, हे चित्र दाखव, जर असं असेल तर तसं कर, नाहीतर हे कर. ते बोटाने ओढून एकाखाली एक अडकवायचे. नीट अडकले की चित्र हलतं, बोलतं, पोरांनी बोट लावलं की उत्तर देतं. तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. शेजारी नोकरीला नुकतीच लागलेली पोरं-पोरी पटापट ठोकळे जोडत होती, आणि मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन 'थांब' कुठे आहे ते शोधत होते. पण जिद्द भाजीवाल्यांची. दोन-तीन महिने रविवारच्या दुपारी त्यातच घातल्या.

पहिला पाठ केला तरंगतं आणि बुडतं. त्यात 'जर' आणि 'नाहीतर' यांची चित्रं माझ्याकडून उलटी पडली. दगड पाण्यावर तरंगू लागला आणि बूच गेलं तळाला. माझ्या लक्षात येईपर्यंत मधली सुट्टी झाली आणि अर्धा वर्ग नाल्यावर जाऊन दगड टाकून आला. परत येऊन त्यांनी जाहीर केलं, "मॅडम, तुमचा दगड खोटा हाय. आमचे समदे बुडाले." मी ओशाळले खरी, पण त्या दिवशी जेवढं विज्ञान झालं तेवढं वर्षभरात झालं नव्हतं. तो दगड दुरुस्त करायला मी मुद्दाम चार दिवस लावले.

मग अंधारातल्या रोपाचा पाठ घेतला. कशावरून सुचला ते तुम्हाला सांगायला नको. पडद्यावर अलमारी काढली, आपलीच, कागदाच्या पट्ट्यांसकट. दोन डबे, दोन्हीत बरबटी, जिला बाहेरचे लोक चवळी म्हणतात. खाली दोन बटणं, 'उजेड' आणि 'अंधार'. एक डबा उजेडात ठेवायचा, दुसरा अलमारीत, आणि वरच्या सूर्यावर बोट ठेवलं की एक दिवस पुढे सरकतो, असे आठ दिवस सरकवायचे. उजेडातलं रोप हिरवं होत जातं, आतलं लांबुडकं, फिक्कं, पिवळं. रोपांची सोळा चित्रं मी हाताने काढली, आवाजही माझाच भरला. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या सगळ्या शाळांना हा पाठ द्यायचं ठरलं होतं, त्यामुळे मी जरा शेखीतच होते. तिसरी-चौथीच्या वर्गात पहिल्यांदा चालवला. सगळे भराभर दिवस सरकवत होते. तिसरीतली एक पोरगी पाचव्या दिवसावर थांबली. केस कायम डोळ्यांवर, बोलायला लागली की थांबत नाही आणि गप्प झाली की बोलत नाही, अशी ती आहे.

"मॅडम, याले बाहेर काढाचं बटन कुठी हाय?"

"नाही त्याला बटण. आठ दिवस आतच ठेवायचं."

"काऊन?"

"प्रयोग आहे म्हणून."

"पन थे पिवळं पडून राह्यलं ना. तुमाले दिसून नाई राह्यलं का?"

तिने टॅबलेट पालथा ठेवला आणि हात पाठीमागे नेले. मी रागावले. मला लवकर राग येतो हे तुम्हाला माहीतच आहे, वयाने तो आणखी लवकर यायला लागला आहे. "सांगितलं तसं कर. चित्र आहे ते, मरत नाही," असं सगळ्यांसमोर तिला फाडकन बोलले, तिचं बोट धरलं आणि सूर्यावर तीनदा टेकवलं. आठवा दिवस आला, रोप पिवळं झालं, आणि टॅबलेटमधून माझाच आवाज म्हणाला, "शाब्बास! निरीक्षण बरोबर!" तिने मान वर केली नाही. उरलेला दिवस कोणाशी बोलली नाही. शाळा सुटल्यावर मी खोलीला कुलूप लावलं आणि घरी न जाता पायरीवर बसून राहिले. या पोरीला मी चांगली ओळखत होते.

मी चौथीत आहे, थंडी नुकती पडायला लागली आहे. तुम्ही पत्र्याच्या दोन डब्यांत बरबटीचे चार-चार दाणे लावता. एक डबा खिडकीत, एक अलमारीत. दोघांना पाणी घालायचं काम माझं, कारण "हिच्या हाताले मालूम हाय पानी किती घालाचं थे." मी फुगून जाते. पाणी घालण्यापुरतंच दार उघडायचं, लगेच लावायचं, असा तुमचा दम आहे. कोंब वर येतात. खिडकीतले हिरवे, आतले पिवळे. गुरुजी, आमच्या घरी पिवळं रोप म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू. माझी आई वाफ्यात उकिडवी बसून एकेक पान उलटून बघायची आणि पिवळं दिसलं की म्हणायची, "उपाशी हाय व हे." त्या दिवशी तिचं स्वतःच्या जेवणात लक्ष नसायचं. उपाशी रोपावर दार लावून निघून जायचं, हे माझ्याच्याने झालं नाही. मधल्या सुट्टीत सगळे जेवायला घरी पळाले की मी तो डबा काढायचे, शाळेमागच्या भिंतीवर उन्हात ठेवायचे आणि घंटेच्या आत परत आणायचे. रोज. ते हिरवं झालं. मला वाटलं, मी त्याला वाचवलं. आणि प्रयोगाचं काय, तो खिडकीतल्या डब्यात चालू होताच की.

नवव्या दिवशी तालुक्याचे साहेब आले. ते येणार म्हणूनच तुम्ही दिवस मोजून दाणे लावले होते, हे मला स्वतः मास्तरीण झाल्यावर कळलं. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातला होता. "आधी सांगा, मंग पाहू. आतलं रोप कसं असन?" सगळा वर्ग ओरडला, "पिवळं!" तुम्ही दार उघडलं. आत हिरवंगार. जरा लांबट, पण हिरवं. साहेबांनी आधी रोपाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि हसले. "गुरुजी, तुमचं रोप तुमचं ऐकत नाही वाटतं." वर्ग हसला. मीही हसले, गुरुजी. सगळ्यांत मोठ्याने हसले, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. तुमचे कान लाल झाले होते. तुम्ही म्हणालात, "अलमारीले फट असन साहेब. माहीच चूक हाय, आधी पाहून घ्याले पाह्यजे होतं." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मला कधी कळलं नाही. पण दुसऱ्या गावांतले मास्तर सायकली काढून तुमचे प्रयोग पाहायला यायचे, ते त्यानंतर यायचे बंद झाले, एवढं आम्हा पोरांनाही दिसलं.

साहेब गेल्यावर तुम्ही ओरडाल, ओळीत उभं करून विचाराल, या भीतीने मी घामाघूम झाले होते. तुम्ही कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी घरून डिंकाची वाटी आणि पुस्तकांना कव्हर घालतात तो जाड खाकी कागद आणलात, त्याच्या पट्ट्या कापल्या, अलमारीचा खालचा कप्पा काढला आणि मला म्हणालात, "तू आत बस. मी दार लावतो. कुठून उजेड येते थे सांगजो, मी बाहेरून पट्टी लावतो." मी बसले. आत खडूचा वास आणि उंदरांचा. दार लागलं आणि मला काही दिसेना. काही म्हणजे काहीच नाही, गुरुजी. सागाची घट्ट अलमारी, कुठूनही उजेडाचा कण येत नव्हता. पण उजेड येत नाही म्हणाले असते, तर मग रोप हिरवं झालं कसं? बाहेरून तुमचा आवाज आला, "दिसून राह्यला का उजेड?" मी म्हणाले, "हो गुरुजी, इथी," आणि आतून बोटाने टकटक केलं. तुम्ही बाहेरून पट्टी चिकटवलीत. "अजून?" "इथी बी." टकटक. पट्टी. मी काळोखात हात पोचेल तिथे वाजवत होते आणि तुम्ही डिंक लावत होता. अशा अकरा पट्ट्या झाल्या. शेवटी तुम्ही म्हणालात, "लई फुटकी निघाली व अलमारी," आणि दार उघडलंत. माझा चेहरा घामाने भिजला होता. तुम्ही तो तुमच्या रुमालाने पुसलात.

मग नवे दाणे. या वेळी तुम्ही अलमारीला कुलूप घातलं आणि चाबी माझ्याच हातात दिलीत. "पानी घालाले तूच. बाकी कोनाले हात लावू देऊ नको." आईने ती काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. जेवताना, झोपताना, वावरात जुड्या बांधताना ती छातीवर टोचत असायची. आठव्या दिवशी दार उघडलं तेव्हा रोपं पिवळीधमक निघाली, आणि तुमचा जीव भांड्यात पडला. फक्त एक झालं होतं. चारही रोपं दाराच्या बाजूला वाकली होती, कोणाची वाट पाहत असावीत तशी. तुम्ही डबा उचलून वर्गाला दाखवलात. "पाहा. याईले डोये नाई, पन उजेड कोनीकडून आला थे बरोबर समजते." मग दाराच्या कडेला आणखी एक पट्टी लावलीत. ती बारावी.

नोकरीचा कागद हातात आला तेव्हा मी पेढे घेऊन तुमच्याकडे आले होते. तुम्ही खाटेवर होता, फार वाळला होता. काकूंनी चहा केला. मी सांगायचं ठरवूनच निघाले होते, येष्टीत वाक्यही पाठ केलं होतं. तुम्ही म्हणालात, "आर्वीकडं भेटली का? लांब पडन तुले. डबा नेत जाजो." मग, "अलमारी हाय का व शाळेत अजून?" मी म्हटलं, "असन गुरुजी." तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत. "काई सांगाचं होतं का तुले?" माझ्या तोंडातून निघालं, "नाई गुरुजी, पेढे द्याले आलती." तुम्ही अर्धा पेढा खाल्लात आणि अर्धा कागदात गुंडाळून उशीखाली ठेवलात. श्रावणात तुम्ही गेलात. मला आर्वीला निरोप पोचला तो तीन दिवसांनी. त्यानंतर पुस्तकात अंधारातल्या रोपाचं पान आलं की मी पोरांना सांगायचे, हे घरी वाचा. इतकी वर्षं मी तो प्रयोग एकाही वर्गात केला नाही.

म्हणून त्या पोरीने मागितलेलं बटण मी दुसऱ्याच दिवशी बसवलं. 'बाहेर काढ'. पिवळं पडलेलं रोप बाहेर काढलं की हळूहळू हिरवं होतं, आणि ते खरं आहे, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण शुक्रवारी आमचे केंद्रप्रमुख आले. माझ्याहून लहान, माणूस सज्जन. त्यांनी पाठ चालवून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, बाकी झकास. हे तिसरं बटण तेवढं काढून टाका. पोरं मधातच रोप बाहेर काढतील, मग निष्कर्ष कसा येईल? पुढच्या शनिवारी सगळ्या शाळांसमोर दाखवायचा आहे. सर्वांचं उत्तर एकच आलं पाहिजे." मी लगेच 'हो सर' म्हटलं, आणि ते गेल्यावर बटण काढूनही टाकलं. स्वतःची मला शिसारी आली. वर्गात साहेब शिरले की मी अजून नऊ वर्षांची होते आणि सगळ्यांत मोठ्याने हसते.

बुधवारी अलमारी साफ करायला काढली. टॅबलेट आतल्या आत चार्ज व्हावेत म्हणून वायर आत घ्यायची होती. सुतार म्हणाला, भोक पाडावं लागेल. मी म्हटलं, थांबा, सागाला भोक कशाला? इतक्या पट्ट्या आहेत, एखादीखाली तरी खरी फट असेलच. मी आतून उगाचच टकटक केलं होतं, पण अकरांत एक तरी योगायोगाने लागली असेल की नाही? ओल्या फडक्याने मागची एक पट्टी भिजवली, ती अख्खी निघून आली. खाली लाकूड. फट सोडा, साधा चरा नाही. दुसरी काढली, लाकूड. तिसरी काढली. लाकूड, आणि त्यावर डिंकाचा जुना डाग. मी तिथेच फरशीवर बसले. गुरुजी, मी आत काळोखात होते, म्हणून मला वाटत राहिलं की कोणाला काही दिसत नाही. पण तुम्ही बाहेर होता. माझी टकटक जिथून यायची तिथे तुम्ही बोट ठेवायचात, आणि तुमच्या बोटाखाली धडधाकट लाकूड असायचं. पहिल्या पट्टीलाच तुम्हाला कळलं असणार. तरी तुम्ही 'अजून?' म्हणून विचारत राहिलात, मी सांगेन म्हणून, आणि मी सांगितलं नाही तेव्हा दर वेळी मुकाट्याने पट्टी लावलीत. वरून चाबीही माझ्याच हातात दिलीत. मी सुतारासमोर हमसून रडले. तो बिचारा घाबरला. "राहू द्या मॅडम," म्हणाला, "नाई पाडत मी भोक."

त्याच दुपारी बटण परत बसवलं. या वेळी त्याच्या शेजारी एक वहीही काढली. कोणी रोप बाहेर काढलं की ठोकळे त्या वहीत लिहून ठेवतात: चौथा दिवस, रोप बाहेर काढलं. शाब्बास नाही, चूक नाही, घंटा नाही. नुसती नोंद. आठव्या दिवशी वही उघडते आणि विचारते, तुमचं रोप असं का दिसतं, काय काय केलं ते सांगा. गुरुवारी मी आधी त्या पोरीची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण रागावलेही सगळ्यांसमोरच होते. ती "हौ" म्हणाली आणि टॅबलेट ओढून घेतला. पडद्यावरच्या चौथ्याच दिवशी रोप बाहेर. आठव्या दिवशी शेजारची म्हणाली, "तुह्यं काऊन हिरवं?" आणि ही पडद्यावरून नजरही न काढता म्हणाली, "म्या काढलं बाहेर. मले कीव आली त्याची. लिहेल हाय ना वहीत." झालं. मला चाळीस वर्षांत जे जमलं नाही ते तिने एका दमात सांगून टाकलं, आणि कोणी हसलं नाही. मग थोड्या वेळाने स्वतःच माझ्याकडे आली. "मॅडम, पन मंग पिवळं कसं होते थे मले समजलंच नाई. अजून एक डाव करू का?" दुसऱ्या खेपेला तिने दात-ओठ खाऊन आठ दिवस काढले, त्या बटणाला हात लावला नाही.

शनिवारी मी पाठ तिसऱ्या बटणासकट दाखवला. केंद्रप्रमुखांच्या कपाळावर आठ्या. "मॅडम, आपलं ठरलं होतं ना?" मी उभी राहिले. पंधरा-वीस शाळांचे मास्तर आणि मॅडम समोर, त्यांतले दोघं तुमच्याच हाताखाली शिकलेले. मी तुमचं नाव घेतलं आणि अलमारीची सगळी हकीकत सांगितली. साहेब, हिरवं रोप, टकटक, पट्ट्या. गुरुजींचा प्रयोग चुकला नव्हता, तो मी बिघडवला होता, हे दोनदा सांगितलं, म्हणजे मागच्या बाकांनाही ऐकू जावं. केंद्रप्रमुख पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिले आणि मग म्हणाले, "राहू द्या बटण. पण ती वही जरा मोठी करा मॅडम, पोरं लई लिहितील." बाहेर पडताना तुमचा एक विद्यार्थी, आता त्याचेही केस पिकलेत, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मलेबी एकदा चाबी भेटलती." एवढंच बोलून गाडीला किक मारून गेला. त्याने काय केलं होतं, ते मी विचारलं नाही.

तिन्ही पट्ट्या मी परत चिकटवल्या आहेत, डिंकानेच. एक जरा वाकडी बसली. वायर कडीच्या जुन्या भोकातून आत घेतली. हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून वरच्या कप्प्यात टॅबलेटच्या मागे ठेवते आहे. शनिवारी सगळी हकीकत सांगितली असं वर लिहिलं खरं, पण सगळी नाही. एक राहिलं. चाबी माझ्या गळ्यात होती तेव्हा, सातव्या दिवशी, शाळा सुटल्यावर मी परत आले होते. कुलूप काढलं. डब्याला हात लावला नाही गुरुजी, तुमची शपथ. फक्त दार उघडं धरून खिडकीतलं ऊन उतरेपर्यंत त्या रोपांपाशी बसून राहिले. बारावी पट्टी तुम्ही लावलीत ती त्या उजेडाची आहे. ती मी काढून पाहिली नाही.